जुन्या इंग्लिश चर्चच्या धर्मगुरूंचा माग काढताना: क्लर्जी डेटाबेसचं परीक्षण

इंग्लंडमधल्या जुन्या पॅरिश चर्चमध्ये बऱ्याचदा भिंतीवर एक फलक असतो. मध्ययुगापासून आजवरचे सगळे व्हिकर, म्हणजे त्या चर्चचे मुख्य धर्मगुरू, त्यावर ओळीने लिहिलेले असतात. फलक देखणा असला तरी अनेकदा तो अगदी अलीकडच्या काळात कुणीतरी जमवून लिहिलेला असतो. मधली नावं गळतात, वर्षं मागेपुढे होतात आणि क्युरेट म्हणजे साहाय्यक धर्मगुरू मंडळींना तर त्यावर सहसा जागाच नसते. ही यादी पडताळायची असेल तर सगळ्यात आधी उघडावा असा स्रोत म्हणजे ‘क्लर्जी ऑफ द चर्च ऑफ इंग्लंड डेटाबेस’. किंग्ज कॉलेज लंडन, केंट आणि रेडिंग इथल्या अभ्यासकांनी १९९९ मध्ये हे काम हाती घेतलं. आता ते ऑनलाइन आहे आणि वापरायला एक पैसाही लागत नाही. इंग्लंड आणि वेल्समधले १५४० ते १८३५ या काळातले अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडचे, धर्मगुरू त्यात सापडतात.

एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घ्यावी. हा चरित्रकोश नाही. बिशपांच्या दप्तरांत एखाद्या धर्मगुरूचं नाव जिथे जिथे आलं, त्या प्रत्येक प्रसंगाची इथे वेगळी नोंद आहे. बायको, मुलं, प्रवचनं यांचा शोध इथे घेऊ नये. त्यासाठी मृत्युपत्रं आणि १५३८ पासून ठेवल्या गेलेल्या बाप्तिस्मा-विवाह-दफनाच्या वह्या आहेत.

शोध माणसाच्या नावापासून न करता गावापासून करावा. व्हाइट, स्मिथ अशी आडनावं टाकली की शेकडो माणसं समोर येतात, शिवाय एकाच आडनावाची स्पेलिंगं वेगवेगळी. गाव निवडतानाही काउंटी तपासा, कारण नॉर्टन किंवा सटन नावाची गावं ढिगाने आहेत. धर्मप्रांत, म्हणजे एका बिशपाच्या हाताखालचा प्रदेश, त्या काळातला धरायचा, आजचा नव्हे. बकिंगहॅमशरचं चर्च आज ऑक्सफर्डच्या बिशपाकडे असलं, तरी या काळात ते लिंकनकडे होतं. गाव सापडलं की तिथल्या नोंदी वर्षांच्या क्रमाने लावा आणि मगच एकेका माणसाच्या पानावर जा.

खरी चूक होते ती नोंदींचे प्रकार न पाहिल्यामुळे. बिशपाने रेक्टर (हाही व्हिकरसारखा चर्चचा मुख्य धर्मगुरूच) किंवा व्हिकरला पदावर बसवल्याची नोंद असेल, तर ते वर्ष कार्यकाळाची सुरुवात म्हणून बिनधास्त घ्या. पण बिशपाच्या पाहणीवेळी हजेरीसाठी केलेल्या यादीतून नाव आलं असेल, तर त्या वर्षी तो माणूस तिथे होता एवढंच सिद्ध होतं; तो दहा वर्षं आधीच आलेला असू शकतो. कायम क्युरेटांची, म्हणजे साहाय्यक नसून स्वतःच चर्च सांभाळणाऱ्या क्युरेटांची, गोष्ट आणखी वेगळी. त्यांना पदावर बसवण्याचा विधी होत नसे, बिशपाकडून परवाना मिळत असे. त्यामुळे अशा चर्चसाठी फक्त पदग्रहणाच्या नोंदी पाहिल्या तर पान रिकामं दिसतं आणि चर्चला धर्मगुरूच नव्हता असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

जागा रिकामी का झाली हेही जिथे नोंदलेलं आहे तिथे ते सोन्यासारखं आहे. नव्या माणसाच्या नेमणुकीत आधीच्याचं नाव आणि कारण येतं: मृत्यू, राजीनामा, किंवा दुसरं पद स्वीकारल्यामुळे पहिलं आपोआप सुटणं. नेमणुकीचा हक्क असलेल्या मालकाने सहा महिन्यांत कुणाला पाठवलं नाही तर तो हक्क बिशपाकडे जात असे. म्हणून नवी नेमणूक सहसा सहा महिन्यांच्या आत होई आणि मृत्यूची तारीख माहीत नसली तरी ती साधारण कुठल्या महिन्यांत शोधायची हे कळतं. मात्र १७५२ पूर्वीचं कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. जानेवारी ते मार्चच्या नोंदींत एका वर्षाचा घोळ होतो तो याच कारणाने.

हॅम्पशरमधलं सेलबोर्नचं सेंट मेरीज चर्च या सगळ्याचं उत्तम उदाहरण आहे. निसर्गअभ्यासक गिल्बर्ट व्हाइट (१७२०–१७९३) याच्यामुळे गाव जगाला माहीत झालं, पण तो तिथला व्हिकर कधीच नव्हता, क्युरेट होता. व्हिकर नेमण्याचा हक्क ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजकडे होता आणि व्हाइट ओरिएल कॉलेजचा, म्हणून ते पद त्याच्या वाट्याला आलं नाही. व्हिकर होते त्याचे आजोबा, आणि त्यांचंही नाव गिल्बर्ट व्हाइटच! नातवाकडे नॉर्थॅम्प्टनशरमधल्या मोर्टन पिंकनीचंही पद होतं, म्हणजे ते कागद पीटरबरो धर्मप्रांतातले. अशी माणसं नुसत्या नावावर जुळवायला गेलं की दोघांचा एक होतो किंवा एकाचे दोघे. वयाची कसोटी इथे कामाला येते. डीकन (दीक्षेची पहिली पायरी) होण्यासाठी किमान वय २३, प्रीस्ट (त्यापुढची पायरी) होण्यासाठी २४. दीक्षा आणि शेवटची नोंद यांत सत्तर वर्षांचं अंतर दिसलं तर माणसं दोन आहेत असंच धरावं.

तक्रारीही आहेत. मूळ कागदांची छायाचित्रं इथे नाहीत, त्यामुळे दोन सह्या शेजारी ठेवून पाहायच्या तर संबंधित अभिलेखागारच गाठावं लागतं. सगळे धर्मप्रांत सारखे भरलेले नाहीत. १६४६ मध्ये बिशपपदच रद्द झालं आणि १६६० पर्यंत ते परत आलं नाही, म्हणून त्या काळात मोठी पोकळी आहे; हा दोष डेटाबेसचा नाही, पण नव्या माणसाला ते कळायला हवं. काही चर्च स्थानिक बिशपाच्या अधिकाराबाहेर असत. एसेक्समधलं बॉकिंग थेट कँटरबरीच्या आर्चबिशपाकडे होतं. अशा गावांचे कागद शेजारच्या गावांबरोबर सापडत नाहीत.

तरीही इतकं नेटकं आणि मोफत साधन या विषयात दुसरं नाही, आणि ते उभं करणाऱ्यांचे आभार मानावे तितके थोडेच. फलकावरचं प्रत्येक नाव तपासताना वर्षाबरोबर नोंदीचा प्रकार आणि डेटाबेसमधला व्यक्तिक्रमांकही टिपून ठेवा, म्हणजे पुढे दोन नोंदी एकाच माणसाच्या निघाल्या तर जोडता येतात. १८३५ नंतरच्या नावांसाठी १८४१ पासूनच्या छापील क्लर्जी लिस्ट (धर्मगुरूंच्या याद्या) आणि १८५८ पासूनची क्रॉकफर्डची धर्मगुरूंची निर्देशिका पाहावी लागते. मधल्या पाच-सहा वर्षांसाठी मात्र पुन्हा बिशपाचं दप्तरच.