कंदिलात तेल आहे ना? ड्रॅगन्स डॉग्मा: डार्क अराइझन, एका लालबागकरणीचा रिव्ह्यू

आधीच सांगते, हा गेम नवीन नाहीये. मूळ ड्रॅगन्स डॉग्मा 2012 चा, डार्क अराइझन ही वाढीव आवृत्ती 2013 ची, पीसीवर आली 2016 मध्ये आणि निन्टेन्डोच्या स्विच कन्सोलवर 2019 मध्ये. कॅपकॉम या जपानी कंपनीचा गेम, मूळ गेमचा दिग्दर्शक हिदेआकी इत्सुनो. एवढ्या उशिरा रिव्ह्यू कशाला लिहितेय तर गेल्या दोन महिन्यांत मी तिसऱ्यांदा खेळतेय, आणि फँटसी आरपीजीमधला (म्हणजे एखादं पात्र घेऊन काल्पनिक जगात फिरायचे गेम) अंधार या एका विषयावर माझ्याकडे बोलायला इतकं साठलंय की घरात आता कोणी ऐकून घेत नाही.

माझं घर लालबागला, पुलाच्या बाजूला. रात्रभर पुलाचे दिवे खिडकीतून आत येतात, पडदा लावला तरी भिंतीवर पिवळा पट्टा असतोच. अंधार म्हणजे काय ते मला मे महिन्याच्या सुट्टीत मालवणकडे आजीकडे गेलं की कळायचं. संध्याकाळी लाईट गेली की आजी कंदील काढायची, काच राख लावून फडक्याने पुसायची, वात कात्रीने सरळ कापायची, आणि हलवून बघायची की आत रॉकेल किती आहे. तो डुबुक आवाज मला अजून आठवतो. रात्री मागच्या दारी जायचं तर कंदील घेऊन जायचं, आणि कंदील हातात असला की पायाखालचं चार पावलं दिसायचं पण त्यापुढचं उलट जास्तच काळं व्हायचं. माड, विहीर, गोठा सगळं गायब. उजेड सोबत घेतला की बाहेरचा अंधार दाट होतो ही गोष्ट ज्याने अनुभवलीय त्याला बहुतेक गेममधली रात्र खोटी वाटते, मला तरी वाटते.

कारण बघा ना, बहुतेक गेममध्ये रात्र म्हणजे दिवसच, वरून निळा रंग मारलेला. स्कायरिम माझा लाडका गेम आहे, शेकडो तास घातलेत, पण तिथल्या रात्री सगळं दिसतं. मशाल आहे, ती चार मिनिटं जळते, पण ती पेटवायची गरजच क्वचित पडते, म्हणून तर लोकांनी रात्र खरोखर काळी करणारे मॉड, म्हणजे गेममध्ये स्वतः केलेले बदल, बनवले. कँडललाइट नावाचा मंत्र आहे, डोक्यावर गोळा तरंगतो साठ सेकंद, दिसायला गोड. पण त्या उजेडाला किंमत काय, थोडं मॅजिका, म्हणजे जादूची शक्ती, जी थोड्याच वेळात आपोआप परत भरते. मग घाबरायचं कशाला?

ड्रॅगन्स डॉग्मात रात्र झाली की खरंच रात्र होते. गावाच्या वेशीवरचे दिवे मागे पडले की समोर काळं. तुमच्या कमरेला एक कंदील लटकवलेला असतो आणि चालाल तसा तो हलतो, उजेडाचं वर्तुळ तुमच्याभोवती डुलतं आणि झाडाच्या सावल्या पण त्याच्यासोबत डुलतात. कंदिलाला तेल लागतं. तेल संपलं की कंदील विझतो, पिशवीत तेलाची बाटली असली तर भरायचं, नसली तर बसा अंधारात. आणि बाटल्यांना वजन आहे, सगळ्याच सामानाला वजन आहे या गेममध्ये, म्हणजे जास्त तेल घेतलं की औषधं कमी घ्यायला लागतात नाहीतर पळताना दम लागतो. वर तेच तेल राक्षसावर फेकता पण येतं, तेलाने माखलेल्या राक्षसाला आग जास्त लागते. म्हणजे हातात शेवटची बाटली आहे आणि समोर सायक्लॉप्स, म्हणजे एकडोळ्या राक्षस, आहे, ती फेकू की कंदिलासाठी ठेवू, हा विचार तुम्ही करत असता. एका साध्या बाटलीवर एवढा विचार करायला लावणारा गेम मी दुसरा खेळलेला नाही.

पहिल्यांदा खेळत होते तेव्हाची रात्र सांगते. कॅसार्डिस म्हणजे सुरुवातीचं कोळी लोकांचं गाव, तिथून संध्याकाळी निघाले, म्हटलं छावणीपर्यंत तर जायचंय, किती वेळ लागणार. वाटेत गॉब्लिन भेटले, त्यांच्याशी लढण्यात वेळ गेला, मग एक पेटी दिसली म्हणून वाकडी वाट केली, आणि परत वर बघते तर आकाश गेलेलं. कंदील पेटवला. माझ्यासोबतचे पॉन, म्हणजे संगणकाने चालवलेले सोबती, त्यांची बडबड चालूच. रस्त्याच्या मधोमध माती हलली आणि त्यातून हात बाहेर आला. रात्री रस्त्यावर जमिनीतून मढी उठतात हे मला कोणी सांगितलेलं नव्हतं. पळाले, दिशा चुकले, पाण्यात उतरले आणि फस्स, कंदील विझला. पाण्यात गेलं की विझतोच तो, खरा कंदील विझेल तसाच. आता एका बाजूला मढी, दुसऱ्या बाजूला खोल पाणी, आणि खोल पाण्यात ब्राइन नावाचा लाल प्रकार आहे तो सरळ ओढून संपवतो. स्क्रीनवर काहीच दिसत नव्हतं, नुसते आवाज. मी खरं सांगते, खुर्चीवर पाय वर घेऊन बसलेले.

मेले अर्थात. पण दुसऱ्या दिवसापासून मी त्या जगात वेगळी वागायला लागले. निघायच्या आधी तेल बघायचे. दुपार कलली की अंदाज घ्यायचे की पुढच्या मुक्कामाला पोचणार का, नाहीतर आल्या पावली परत. सराईत झोपून सकाळची वाट बघायची सोय आहे, ती मी मनापासून वापरायला लागले. घरातून निघताना लोकलची वेळ बघतो ना आपण, तसं मी सूर्य बघायचे. अंधारामुळे अख्खा नकाशा मोठा होतो. दिवसा दहा मिनिटांची वाट रात्री अर्ध्या तासाची होते, आणि दुरून ग्रॅन सोरेन या मोठ्या शहराच्या भिंतीवरच्या मशाली दिसल्या की जो जीव भांड्यात पडतो तो मला कुठल्याच गेममध्ये बॉस मारल्यावर पण पडलेला नाही.

अंधार चांगला वापरणारा हा एकटाच गेम आहे असं मी म्हणत नाहीये. डार्क सोल्समधलं टूम ऑफ द जायंट्स ज्यांनी पार केलंय ते मान डोलवतील, मिट्ट काळोख, आणि उजेडासाठी कवटीचा कंदील हातात धरायचा तर तो हात अडकतो, ढाल की उजेड ठरवा. जबरदस्त कल्पना आहे, पण ती एकाच जागेपुरती, आणि मंत्र असेल किंवा डोक्यावर तो चमकणारा किडा घातला असेल तर हात मोकळा राहतो. डार्केस्ट डन्जनमध्ये मशालीचा आकडा शंभरपासून खाली उतरत जातो, जसा अंधार वाढेल तसा तुमच्या माणसांवर ताण वाढतो पण लूट पण वाढते, म्हणजे अंधार हा जुगार आहे तिथे. लेजेंड ऑफ ग्रिमरॉकमध्ये भिंतीवरची मशाल उचलून पुढे जायचं, ती पण संपते. हे सगळे गेम घ्या, खेळा. पण ते तिन्ही बहुतेक बंद जागेतले अंधार आहेत, तळघरात अंधार असणारच. ड्रॅगन्स डॉग्मा मोकळ्या रस्त्यावर अंधार करतो, ज्या रस्त्यावरून तुम्ही सकाळी गाणं म्हणत गेलात त्याच रस्त्यावर, आणि ते जास्त लागतं.

आता डार्क अराइझनमध्ये जे वाढवलंय त्याबद्दल. बिटरब्लॅक आयल नावाचं बेट आहे, तिकडे जायचं तर रात्रीच कॅसार्डिसच्या धक्क्यावर जायला लागतं, तिथे एक बाई उभी असते ती नेते. दिवसा गेलात तर धक्का रिकामा. मला हे फार आवडलं, अंधाराला घाबरणाऱ्या माणसाला मुद्दाम अंधारात बोलावतात. आणि बेटाच्या आत भुयारांमध्ये कधीतरी मृत्यू स्वतः येतो. एका हातात मोठा विळा, दुसऱ्या हातात कंदील. विळा लागला की संपलं, किती पण लेव्हल असू दे. पहिल्यांदा भेटला तेव्हा मी विळ्याकडे बघितलंच नाही, मी कंदिलाकडे बघत होते. चाळीस तास मी शिकले होते की उजेड म्हणजे आपलं माणूस, उजेड म्हणजे सराई, आणि आता उजेडच चालत माझ्याकडे येतोय. आजी सांगायची, रात्री लांब कुठे चूड हलताना दिसली तर हाक मारू नको गो, देवचार आसतलो. हातात चूड, म्हणजे पेटती मशाल, घेऊन तो गावाची राखण करत फिरतो म्हणे, तो वाईट नाही पण त्याच्या वाटेत यायचं नाही. जपानमधल्या कुठल्या तरी माणसाने हे चित्र काढलं आणि लालबागच्या खोलीत माझ्या अंगावर आजीच्या ओटीवरचा काटा आला.

आता तक्रारी, कारण आहेत.

तेल नंतर फार स्वस्त पडतं. पहिले दहा-बारा तास बाटली बाटली मोजायला लागते, मग ग्रॅन सोरेनला पोचलात, खिशात पैसे आले की वीस बाटल्या घेऊन ठेवता येतात आणि तेलाची धास्ती संपते. मला वाटतं इथे त्यांनी हात आखडता घ्यायला हवा होता. दुसरं म्हणजे या आवृत्तीत कधीच न संपणारा फेरीस्टोन मिळतो, कुठूनही एका क्षणात शहरात परत. ज्यांना रोज तासभरच खेळायला मिळतं त्यांच्यासाठी ठीक आहे, पण रात्र अंगावर आली की तो दगड वापरायचा मोह होतो आणि मग सगळी मजाच जाते. मी तो सराईच्या पेटीत टाकून दिलाय, तुम्ही पण पहिल्या खेपेला तेच करा असं माझं अगदी कळकळीचं सांगणं आहे. पॉन तेच तेच वाक्य इतक्या वेळा बोलतात की डोकं उठतं, ऑप्शनमध्ये जाऊन कमी करता येतं. कथा मधे बराच वेळ कुठे जाते कळत नाही, शेवट मात्र जबरदस्त, त्याबद्दल एक अक्षर बोलणार नाही.

ब्राइटनेसचं पण सांगायला हवं. सेटिंगमध्ये ब्राइटनेस वाढवला की रात्र धुतल्यासारखी होते आणि कंदिलाची गरजच राहत नाही. प्लीज करू नका असं. आणि स्क्रीनचा पण प्रश्न आहे. मी आधी मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानातून सेकंडहँड मॉनिटर घेतला होता, दुकानात त्याने मला फुलांचा आणि समुद्राचा लखलखीत व्हिडिओ दाखवला, मी पण खूश. घरी येऊन हा गेम लावला, रात्र झाली, आणि उजव्या खालच्या कोपऱ्यात राखाडी ढग. काळं काळं दिसतच नव्हतं, मागचा लाईट कडेने गळत होता. परत घेऊन गेले तर म्हणतो मॅडम सगळ्यांचा असाच असतो, आणि पैसे काही परत मिळाले नाहीत. तेव्हा तुम्ही जुना मॉनिटर घ्यायला जाल तर दुकानात आधी पूर्ण काळा फोटो लावायला सांगा आणि हाताने उजेड अडवून चारी कोपरे बघा. आता मी भावाच्या जुन्या ओलेड लॅपटॉपवर खेळते, ओलेडमध्ये काळा भाग बंदच होतो, उजेड गळायचा प्रश्नच नाही. पहिल्या रात्री विचवुडच्या जंगलात शिरले तेव्हा धुक्यात कंदिलाचा नुसता एक पिवळा गोळा उरला होता, बाकी स्क्रीन कुठे संपते आणि खोली कुठे सुरू होते कळत नव्हतं. मी मागे वळून दाराची कडी बघितली.

दुसरा भाग, ड्रॅगन्स डॉग्मा 2, मार्च 2024 मध्ये आला, तो पण खेळलेय. तिथली रात्र अजून काळी, कंदील आणि तेल आहेच, शिवाय तंबू टाकून शेकोटीवर मांस भाजायचं, ते भाजताना चक्क खऱ्या मांसाचा व्हिडिओ दाखवतात, भूक लागते. पण त्याला मशीन तगडं लागतं, माझ्याकडे शहरात शिरलं की अडखळायचा. साध्या लॅपटॉपवाल्यांनी पहिलाच घ्या, सेलमध्ये तर फारच स्वस्तात मिळतो.

खेळायचा कसा ते पण सांगते. रात्री अकरानंतर, घरचे झोपल्यावर, हेडफोन लावून. खिडकीला मी जुनी गडद चादर दोन खिळ्यांवर अडकवते, पुलाचा उजेड तरी वरच्या फटीतून येतो म्हणून तिथे वर्तमानपत्र कोंबलंय. मोबाईल उलटा ठेवा. गणपतीचे दहा दिवस मी खेळत नाही, लालबागला तेव्हा रात्रच होत नाही, आणि तेव्हा घरी बसायचं पण कोणाला असतं.

सध्या तिसऱ्या खेपेला मी धक्क्यावर उभी आहे, ती बाई समोर आहे, कंदील भरलेला आहे आणि पिशवीत तेलाच्या मोजून चार बाटल्या. मुद्दाम चारच घेतल्यात.