अकेशिया उपटायचा लिव्हर: हत्यार चांगलं, विहिरीचा दावा कच्चा

काजूच्या भाटात (बागायतीत) घुसलेली अकेशियाची, म्हणजे ऑस्ट्रेलियन बाभळीची, रोपं मुळासकट काढायला हा लिव्हर वेल्डिंगवाल्याकडून बनवून घेता येतो. दीड मीटरचा पाइपाचा दांडा, खाली खाचांचा जबडा, टेकूची पट्टी आणि बिजागरीचा बोल्ट, एवढाच ऐवज. जबडा टेकूपासून १५ सेंमीवर असला की हाताचा जोर दहापट होतो. घेताना दांडा जबड्याला जुळतो तो सांधा बघा. तिथे दोन्ही बाजूंनी त्रिकोणी पट्टी मारलेली नसेल तर वेल्डिंग हमखास तिथेच सुटतं. टेकूची पट्टी अरुंद असेल तर ती चिखलात रुतते. खाली फळी टाकायची.

दोन ते पाच सेंमी जाडीच्या रोपांवर याच्यासारखं हत्यार नाही, पण फक्त पावसात. जांभ्याची जमीन जुलै-ऑगस्टमध्ये मऊ असते, मूळ अखंड येतं. एप्रिलात तेच रोप जमिनीलगत कटकन मोडतं. पकड बुंध्याशी, अगदी खाली घ्या आणि दांडा सावकाश दाबा. हिसका दिला की साल सोलून निघते आणि जबडा सटकतो.

जाड झाडांना करवतच लागते. गोव्यात १९८४च्या वृक्ष संरक्षण कायद्याखालची परवानगी आधी घ्यावी. अकेशिया जमिनीलगत कापला तर सहसा फुटत नाही, गुडघाभर खुंट ठेवला की फुटतो. नीलगिरीचं तसं नाही, ती कुठूनही फुटते.

खरी डोकेदुखी बियांची. कवच टणक, त्यामुळे त्या मातीत वर्षानुवर्षं टिकतात आणि आग लागली की जोमाने रुजतात. म्हणून काढलेला पाला जाळू नका, उतारावर आडवा रचा; माती वाहून जात नाही. उपटल्यावर भुसभुशीत झालेली माती पायाने दाबा. पुढच्या पावसाळ्यात उगवलेली नवी रोपं हातानेच निघतात, पण एखादं वर्ष चुकवलं की पुन्हा लिव्हर. मोकळ्या जागेत किंदळ, करवंद अशी इथली झाडं लावली नाहीत तर रानमोडीचं तण येतंच.

आता विक्रेत्यांचं आवडतं वाक्य: ‘अकेशिया काढा, विहीर भरेल.’ हे सरसकट खरं नाही. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत पेकोस नदीकाठची टॅमरिस्क नावाची, बाहेरून येऊन माजलेली झुडपं १९६७पासून हजारो एकरांवरून काढली, तरी नदीच्या मूळ प्रवाहात, म्हणजे जमिनीतून झिरपून येणाऱ्या पाण्यात, मोजता येईल अशी वाढ दिसली नाही. उघड्या मातीतून पाणी उडतंच, आणि जागा भरून काढणारी झाडंही ते पितात. बारमाही हिरवा अकेशिया उन्हाळ्यातही पाणी ओढतो हे खरं, पण वाचलेलं पाणी तुमच्याच विहिरीत उतरेल याची हमी लिव्हर देत नाही. पडताळायचं असेल तर मार्च ते मे दर आठवड्याला, पंप लावण्याआधी सकाळी, वजन बांधलेल्या टेपने पातळी मोजा. जिथे झाडं काढलेली नाहीत अशी शेजारची एक विहीरही सोबत मोजा, नाहीतर चांगल्या पावसाचं श्रेय लिव्हरला जाईल.

शेजारच्या दोन-चार भाटकारांत (बागायतदारांत) मिळून एक लिव्हर पुरतो. पावसात बिजागरीचा बोल्ट लवकर गंजतो, त्याला रोज तेल घाला.