जेफ मिल्सची 'लिक्विड रूम': सत्तावीस सेकंदांतले निर्णय

टेक्नो, म्हणजे यंत्रांवर बनवलेलं ठोक्यांचं नृत्यसंगीत, ऐकणारी चार माणसं जमली आणि कुणी 'लिक्विड रूम'चं नाव काढलं की लगेच दोन तट पडतात. एक तट म्हणतो, डीजे मिक्सचा याहून मोठा अल्बम झालेलाच नाही. दुसरा म्हणतो, खरखर, घसरलेले ठोके, उडालेली सुई, यात मोठं ते काय? आज एखाद्या नवख्याने असं वाजवलं तर त्याला पुन्हा कोणी बोलावणार नाही. मी पहिल्या तटात आहे. पण माझ्या तटातले लोक जी कारणं देतात ती मला अजिबात पटत नाहीत, आणि हे लिहायचं खरं कारण तेच आहे.

ज्यांच्या कानावर हे अजून आलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 'लाइव्ह ॲट द लिक्विड रूम, टोक्यो' हा डेट्रॉइटच्या जेफ मिल्स या टेक्नो डीजेचा मिक्स अल्बम, म्हणजे वेगवेगळ्या रेकॉर्ड एकमेकींत मिसळून सलग वाजवलेला, 1996 साली आला. ध्वनिमुद्रण त्याच्या आदल्या वर्षीचं, 28 ऑक्टोबर 1995चं. लिक्विड रूम हा क्लब तेव्हा शिंजुकूच्या काबुकिचो भागात होता, 2004 मध्ये तो एबिसूला हलला. तीन टर्नटेबल, एक मिक्सर, समोर गर्दी. सत्तर मिनिटांच्या आत जवळपास चाळीस रेकॉर्ड वाजून जातात. त्यातल्या पुष्कळशा मिल्सच्या स्वतःच्या, बाकीच्या इतरांच्या. गर्दीचा आवाज मिक्समध्येच आहे, आणि सुईची कुरकुरही.

आता माझ्या तटाचं आवडतं वाक्य: 'चुका आहेत म्हणून तर ते जिवंत वाटतं.' मी पोटापाण्यासाठी आवाजाचं संपादन करते. लोकांच्या मुलाखतींतले खोकले, खुर्चीची करकर, श्वासांचे फवारे काढण्यात माझे दिवस जातात. त्यामुळे सांगते, चुकीने काहीही जिवंत होत नाही. तसं असतं तर जगातला प्रत्येक भिकार सेट अजरामर झाला असता. 'लिक्विड रूम'मध्ये ठोके सुटतात तेव्हा ते सुटलेलेच असतात, ऐकायला वाईटच लागतात आणि मिल्सलाही ते वाईटच वाटत असणार, कारण पुढच्या काही क्षणांत तो ते ओढून जागेवर आणतो. प्रश्न असा आहे की इतकं नीट वाजवता येणारा माणूस त्या काठापर्यंत जातोच कशाला?

याचं उत्तर भावनेत शोधण्याऐवजी जरा हिशेबात शोधू. हा सेट साधारण 140 बीपीएमच्या, म्हणजे मिनिटाला 140 ठोक्यांच्या आसपास धावतो. त्या लयीत चार ठोक्यांचा एक बार 1.7 सेकंदांचा होतो. सोळा बार म्हणजे सुमारे सत्तावीस सेकंद. एवढ्या वेळात रेकॉर्ड खोळीतून काढायची, तबकावर ठेवायची, एका कानाला हेडफोन लावून सुई योग्य जागी टेकवायची, पिच-फेडर सरकवून वेग जुळवायचा, पहिला ठोका पहिल्या ठोक्यावर सोडायचा. तेवढ्यात आधीच्या दोन रेकॉर्ड चालूच असतात आणि त्याही आपापल्या वाटेने किंचित सरकत असतात. दोन रेकॉर्डच्या वेगांत फक्त 0.3 बीपीएमचा फरक राहिला, म्हणजे पाव टक्क्याहूनही कमी, तरी सोळा बारनंतर त्यांचे ठोके जवळजवळ साठ मिलिसेकंदांनी वेगळे पडतात. तेवढ्याने एका ठोक्याचे दोन ऐकू येऊ लागतात, 'धम्'चं 'ध-धम्' होतं. आणि हे दोन रेकॉर्डचं गणित झालं. तीन असतील तर जुळवायच्या जोड्याही तीन होतात.

म्हणजे चूक हा या पद्धतीने जायचा जकातनाका आहे. इतक्या वेगाने इतकं बदलायचं तर ती जकात भरावी लागते. मिल्सला बदलायचं असतं ते काय, हे ऐकणं म्हणजे हा अल्बम ऐकणं.

त्याचं मूळ डेट्रॉइटच्या रेडिओत आहे. 1980च्या दशकात हा माणूस 'द विझर्ड' या नावाने रेडिओवर वाजवायचा. हिप-हॉप, इलेक्ट्रो, जे हाताला लागेल ते, आणि इतक्या भराभर कापून की एका गाण्याची ओळख पटेपर्यंत दुसरं सुरू झालेलं असे. पुढे माइक बँक्सबरोबर अंडरग्राउंड रेझिस्टन्स हा टेक्नो गट, मग तिथून बाहेर पडून 1992 साली स्वतःचं ॲक्सिस हे रेकॉर्ड लेबल. हात रेडिओच्या काळातलेच राहिले, रेकॉर्ड मात्र बदलल्या. मिल्सच्या स्वतःच्या रेकॉर्डवर बहुतेक वेळा मुखडा-अंतरा असं काही नसतं. एक किक (खालचा जड ठोका), एक हाय-हॅट (झांजेचा बारीक ठोका), दोन-तीन सुरांची एक रेघ, आणि ती वाजत राहते. एकट्याने ऐकली तर कित्येकांना ती अपुरी वाटते. ती अपुरीच असते, कारण तिच्यावर दुसरी चढवायची असते.

त्याची 1994ची 'सायकल 30' ही रेकॉर्ड घ्या. तिच्या एका बाजूला लॉक्ड ग्रूव्ह आहेत, म्हणजे खाच पुढे आत न सरकता स्वतःलाच येऊन मिळते आणि सुई एकाच वर्तुळात फिरत राहते. 33⅓च्या वेगाने रेकॉर्डची एक फेरी 1.8 सेकंदांत होते. त्या फेरीत चार ठोके बसवले की लय आपोआप 133.3 बीपीएम येते. पिच-फेडर पाच टक्के वर ढकला, 140. हे मी कुणाला सांगितलं की समोरचा गप्प होतो, कारण यात आवर्तन ही कल्पना अक्षरशः प्लास्टिकमध्ये कापलेली आहे: सम कुठे आहे ते सुईला माहीत असतं. डेट्रॉइटमध्ये अशा खाचा कापणारा रॉन मर्फी हा कारागीर होता. टेक्नोच्या इतिहासात त्याचं नाव डीजेंच्या पोस्टरांइतकं मोठं छापलं पाहिजे असं माझं मत आहे, पण तो वेगळा लेख होईल.

तर 'लिक्विड रूम' ऐकताना मी कुठली रेकॉर्ड आली याकडे लक्ष देत नाही. मी लक्ष देते ते काय गेलं याकडे. मिल्स नवी रेकॉर्ड आणतो तेव्हा बहुधा आधी तिचा वरचा भाग येतो, हाय-हॅट आणि पत्र्यासारखा टोकदार आवाज. खालचा बेस अजून जुन्याच रेकॉर्डचा. मग एका क्षणी जुना बेस काढून घेतला जातो आणि खाली पोकळी पडते. ही पोकळी किती वेळ ठेवायची, हाच त्याचा खरा निर्णय. कधी एकच बार, कधी दोन, कधी इतका कमी वेळ की फक्त पायाखालची फळी हलल्याचा भास व्हावा. आणि नवा बेस पडला की गर्दी ओरडते. ती नव्या रेकॉर्डला ओरडत नाही, ती वजन परत आल्याला ओरडते. आवाजाच्या कामात असल्यामुळे असेल, पण या वजाबाकीवर मी जितकी खूश होते तितकी कुठल्याही सुरावटीवर होत नाही.

विरुद्ध तटाचा दुसरा मुद्दा मात्र मला गंभीरपणे घ्यावासा वाटतो. आमच्यातला एक मित्र, जो स्वतः चांगला वाजवतो, म्हणतो: 'मिल्स एकाही ट्रॅकला श्वास घेऊ देत नाही. हा संयमाचा अभाव आहे, आणि तुम्ही त्याला प्रतिभा म्हणता.' त्याचा आदर्श म्हणजे डीजे बेन क्लॉकचा मिक्स अल्बम 'बर्गहाइन 04', 2010चा. बर्लिनच्या बर्गहाइन क्लबच्या ओस्टगुट टोन या लेबलवरचा. तिथे दोन ट्रॅक एकमेकांत इतके सावकाश विरघळतात की सांधा सापडत नाही. तो अल्बम मलाही फार आवडतो, रात्री कामं उरकताना तोच लावते. पण त्या दोघांची तुलना करून एकाला नापास करणं मला निरर्थक वाटतं. क्लॉक तुम्हाला एका खोलीत बसवून दिवे हळूहळू बदलतो. मिल्स दारं उघडत पळतो.

तरी मित्राचं म्हणणं अर्धं खरं आहे. मिल्सच्या स्वतःच्या साधनवजा रेकॉर्ड दीड मिनिटात संपल्या तर काही बिघडत नाही, पण दुसऱ्यांच्या रेकॉर्डही तो त्याच घाईने उरकतो. बर्मिंगहॅमच्या 'सर्जन' या डीजेचा 'मॅग्नीझ' हा 1994चा ट्रॅक आहे, कोरडा, चिवट, हळूहळू दात रोवणारा. त्याला वेळ लागतो. इथे तो वेळ मिळत नाही, आणि ज्याला मूळ ट्रॅक ठाऊक नाही त्याला तो आला कधी आणि गेला कधी हेही कळणार नाही. शिकागोच्या डीजे फंकचं उलटं आहे. त्याचा उघडावाघडा घेटो हाउस हा नृत्यसंगीताचा प्रकार या घाईत चपखल बसतो, कारण त्याला सांगायचं असतं ते तो चार बारमध्ये सांगून मोकळा होतो. मला वाटतं अल्बमचा कस लावायचा तर या दोन टोकांमध्ये लावावा: कुठल्या रेकॉर्डला घाई मानवते आणि कुठलीला नाही. चुका मोजत बसण्यापेक्षा यावर भांडलो तर भांडणाला काही चव येईल.

तिसरा मुद्दा ध्वनीच्या दर्जाचा. इथे बचाव करायला मी जाणार नाही. मधल्या कंप्रता कर्कश आहेत, काही ठिकाणी पातळी लाल रेषेला चिकटलेली ऐकू येते, आणि खोलीचा आवाज मिसळल्याने किकची कड बोथट होते. हेडफोनवर मोठ्या आवाजात ऐकलंत तर कान शिणतील. फोनच्या स्पीकरवर तर ऐकूच नका, अर्धा अल्बम म्हणजे बेसची ये-जा आहे आणि ती तिथे पोचतच नाही. मध्यम आकाराचे दोन स्पीकर, आवाज बोलण्यापेक्षा थोडा वर, आणि तुम्ही त्यांच्यापासून दोन-तीन मीटर दूर. वरचा कर्कशपणा हवेत थोडा मरतो आणि गर्दी तुमच्या खोलीत येते. एवढं केल्यावरही आवडलं नाही तर ते मत मी मानते.

मग मिक्स स्टुडिओत घडवावा म्हणणारे स्टुडिओवाले. त्यांचं दैवत रिची हॉटिन हा डीजे. 1999च्या 'डेक्स, इएफएक्स अँड 909'मध्ये तो अजून टर्नटेबलच्या जवळ होता. 2001च्या 'डीई9: क्लोजर टू द एडिट'मध्ये त्याने शंभराच्या आसपास रेकॉर्ड घेऊन त्यांचे शेकडो तुकडे कापले आणि संगणकावर पुन्हा विणले. एकही ठोका घसरत नाही, एकही सुई उडत नाही. हे लोक विचारतात, हेच करायचं होतं तर मिल्सने स्टुडिओत का नाही केलं? मला 'क्लोजर टू द एडिट' हा असामान्य अल्बम वाटतो. माझ्या धंद्याच्या जास्त जवळचा आहे तो, कापाकापीचा. पण त्यात प्रत्येक निर्णय मागे घेता येत होता. हॉटिनने एखादा तुकडा ठेवला, ऐकला, काढला, दुसरा ठेवला. आपल्यापर्यंत आला तो शेवटचा निवाडा. मिल्सचा निवाडा आपण सुनावणी चालू असताना ऐकतो. एखादी रेकॉर्ड आणून बघावी, नको वाटली तर चटकन काढून टाकावी, असं तो करताना कानाला कळतं, आणि हे स्टुडिओत कितीही वेळ घालवला तरी तयार करता येत नाही, कारण तिथे नको असलेलं आपल्यापर्यंत पोचतच नाही.

हात बघायचे असतील तर मिल्सचाच 2004चा 'एक्झिबिशनिस्ट' आहे, डीव्हीडीवर. पांढऱ्या रिकाम्या जागेत तो एकटा वाजवतो आणि कॅमेरे वेगवेगळ्या कोनांतून त्याच्या बोटांवर. तंत्र शिकायला उत्तम. पण गर्दी नाही, त्यामुळे बेस काढून घेतल्यावर पुढे काय, याचं दडपणही नाही. माझ्या मते तो 'लिक्विड रूम'चा शब्दकोश आहे, जवळ असावा, सलग वाचू नये.

ज्यांना हा अल्बम केवळ म्हातारे रसिक जुन्या दिवसांसाठी उचलून धरतात असं वाटतं, त्यांच्याशी मी थोडी सहमत आहे. त्या रात्री जे तिथे नव्हते तेच सर्वांत जास्त गहिवरून बोलतात. त्यांना सहसा एकच प्रसंग आठवतो: 'स्ट्रिंग्ज ऑफ लाइफ'. डेरिक मे याने 'रिदिम इज रिदिम' या नावाने 1987 मध्ये केलेला ट्रॅक, पियानोचे तुटक तुकडे, तंतुवाद्यांचे उसळते झटके, आणि चक्क बेसलाइनच नाही. तो आला की कुणालाही भरून येणारच, त्यात मिल्सची कामगिरी फारशी नाही. त्याला जे कष्ट पडतात ते त्याच्या आसपासच्या, नाव आठवू नये अशा रेकॉर्डमध्ये.

नव्याने टेक्नोकडे येणाऱ्याच्या हातात मी हा अल्बम पहिला ठेवणार नाही. आधी क्लॉक द्या, म्हणजे किकची सवय होईल. मग हॉटिन, म्हणजे तुकडा म्हणजे काय ते कळेल. त्यानंतर 'लिक्विड रूम', सलग, मधे न थांबवता, ट्रॅकची यादी समोर न ठेवता. आणि ज्याला त्यातलं फक्त 'स्ट्रिंग्ज ऑफ लाइफ' हवं आहे त्याने मूळ रेकॉर्डच ऐकावी, तिथे ते पूर्ण आहे.