हाफ-लाइफ २ की मेट्रो एक्सोडस? गेममध्ये पार बुडून जायचं असेल तर

आपल्याकडे बऱ्याच जणांची शूटरशी, म्हणजे गोळीबाराच्या गेमशी, ओळख सायबर कॅफेतल्या काउंटर-स्ट्राइकवर नाहीतर मोबाइलवर बीजीएमआय खेळून झालेली असते, तिथे मजा समोरच्याला पाडण्यात आणि मित्रांच्या आरडाओरड्यात. आता तुम्हाला एकट्याने बसून खेळायचा स्टोरीवाला शूटर हवाय आणि हाफ-लाइफ २ घेऊ की मेट्रो एक्सोडस यात अडकलाय, तर हे वाचा, कारण गुंतवतात दोन्ही पण पद्धत पार वेगळीय. हाफ-लाइफ तुमच्या हातातून कंट्रोल जवळजवळ काढूनच घेत नाही, आणि मेट्रो तुम्हाला एक शरीर देतो आणि ते सांभाळायला लावतो.

हाफ-लाइफ २ व्हॉल्व्हने नोव्हेंबर २००४ मध्ये काढला, म्हणजे वीस वर्षं कधीच उलटून गेली, तरी त्याची सुरुवात आजही भारी वाटते. ट्रेनमधून परग्रहवाल्यांच्या ताब्यातल्या सिटी १७ शहरात उतरता, हातात बंदूक नाही, काहीच नाही. स्टेशनवर माणसं खाली मान घालून उभी, मोठ्या स्क्रीनवर एक दाढीवाला गोड आवाजात स्वागताचं भाषण देतोय, आणि पुढे एक मास्कवाला पोलीस मुद्दाम कॅन खाली पाडतो आणि उचलून कचऱ्यात टाक म्हणतो. टाकलात तर हसतो आणि जाऊ देतो, त्याच्याच अंगावर फेकलात तर दांडका घेऊन मागे लागतो. बास, एवढंच. पण त्या अर्ध्या मिनिटात या शहरात कोणाची सत्ता आहे ते कळतं, आणि राग येतो तो तुम्हाला येतो, हिरोला नाही. आर्ट डायरेक्टर व्हिक्टर अँतोनोव मूळचा बल्गेरियातल्या सोफियाचा, त्यामुळे त्या जुन्या पूर्व युरोपी इमारती आणि त्यांच्यात घुसलेलं परग्रहावरचं लोखंड हे सगळं एकदम खरं वाटतं.

पूर्ण गेमभर तुम्ही हिरो गॉर्डन फ्रीमनच्या डोळ्यांतूनच बघता, मध्येच सिनेमासारखा कटसीन नाही, बाहेरचा कॅमेरा नाही. लोक महत्त्वाचं बोलत असतात तेव्हाही तुम्ही खोलीत फिरू शकता, वस्तू पाडू शकता, पाठ फिरवून उभे राहू शकता, आणि तुमची साथीदार ॲलिक्स बोलताना तिची नजर तुमच्या मागे मागे येते.

पण मला सगळ्यात आवडतं ते रेवनहोम, झॉम्बींनी भरलेलं गाव. तिथे शिरताच एक झॉम्बी करवतीच्या गोल पात्याने अर्धा कापलेला दिसतो, पातं भिंतीत रुतलेलं. ते पातं तुम्ही ग्रॅव्हिटी गनने (वस्तू ओढून घेऊन फेकणारी बंदूक) सहज ओढून घेता आणि तेवढ्यात समोरून दुसरा झॉम्बी येतो, मग काय करायचं ते कोणी सांगायला लागत नाही. स्क्रीनवर सूचना नाही, बाण नाही, ट्युटोरियल नाही. गोळ्या तिथे जपून वापराव्या लागतात, पण पाती, ड्रम, रंगाचे डबे हे सगळं हत्यार होतं आणि आयडिया तुम्हाला स्वतःला सुचली असं वाटतं. माझ्या मते गेममध्ये बुडून जाणं म्हणजे हेच, ग्राफिक्स त्याच्या नंतर.

तंद्री मोडते कुठे? चालता चालता मध्येच लोडिंगसाठी गेम थांबतो तिथे, आणि होडीचा नि गाडीचा भाग जरा लांबलाय तिथे. आणि गॉर्डन एक शब्द बोलत नाही, पुढचा माणूस जीव तोडून बोलतोय आणि आपण ढिम्म. काहींना हे खटकतं, मला नाही खटकत.

आता मेट्रो एक्सोडस. युक्रेनमध्ये सुरू झालेल्या ४ए गेम्सचा, फेब्रुवारी २०१९ चा. अणुयुद्धानंतर मॉस्कोच्या मेट्रोत जगणारी माणसं ऑरोरा नावाची वाफेची ट्रेन घेऊन बाहेर पडतात आणि वर्षभर रशियाभर फिरतात, व्होल्गा, कॅस्पियनचं वाळवंट, तैगाचं जंगल. इथे तुम्ही सतत कसल्या ना कसल्या वस्तूला हात लावत असता. विषारी भागात गॅस मास्क घालायचा, त्यावर चिखल, रक्त उडालं की बटण दाबून हाताने पुसायचं, काचेला तडा गेला की पट्टी चिकटवायची, फिल्टर किती उरलाय ते मनगटावरच्या घड्याळात बघायचं. त्याच घड्याळावरचा निळा दिवा लागलेला असेल तर तुम्ही उजेडात आहात, म्हणजे शत्रूला दिसताय. टॉर्च हाताने चार्ज करायची. तिखार नावाची हवेवर चालणारी बंदूक पंप करावी लागते, प्रेशर उतरलं की गोळीत दम राहत नाही, आणि घाण साचलेली बंदूक ऐन वेळी अडकते. नकाशासुद्धा आर्टिओम, म्हणजे तुम्ही खेळता तो हिरो, हातात धरून बघतो आणि बघताना गेम थांबत नाही, मागून काय येतंय त्याची धास्ती असतेच. फिल्टर संपत आल्यावर तो श्वास जड होतो ना, हेडफोन लावून खेळताना आपलाही श्वास अडकतो, खरंच सांगतो.

आणि ऑरोरावरचे शांत भाग. दोन मिशनच्या मध्ये डब्यांतून फिरायचं, रेडिओची सुई फिरवत स्टेशन शोधायचं, स्तेपान गिटार वाजवतोय तिथे बसायचं, बायको ॲनाशी बोलायचं. घाईत असाल तर कंटाळा येईल पण हे भाग उरकू नका, पुढे त्या माणसांचं काही बरंवाईट होतं तेव्हा जे आतून हलतं ते याच्यामुळेच.

कमी कुठे पडतो तर शत्रूंचं डोकं फार चालत नाही, आणि आर्टिओम खेळताना मुका पण लोडिंग स्क्रीनवर मात्र भरभरून बोलतो, बायको रेडिओवर हाका मारतेय आणि हा गप्प, हे विचित्रच वाटतं. शिवाय मेट्रो मधूनमधून तुमचे हात ताब्यात घेतो, प्रसंग आर्टिओमच्या डोळ्यांनीच दिसतो पण तुम्ही फक्त बघत बसता. हाफ-लाइफ यात पुढे आहे, आणि मी हा मुद्दा मोठा मानतो.

मशीनचं म्हणाल तर हाफ-लाइफ २ ग्राफिक्स कार्ड नसलेल्या साध्या लॅपटॉपवरही पळतो. मेट्रोला बऱ्यापैकी कार्ड लागतं आणि २०२१ ची एन्हान्स्ड एडिशन तर रे ट्रेसिंगवालं (उजेड-सावल्या खऱ्यासारख्या दाखवणारं) कार्ड असल्याशिवाय चालतच नाही, घेण्याआधी हे बघाच. पैशाची चिंता नको, स्टीम या ऑनलाइन गेम दुकानाच्या सेलमध्ये दोन्ही खूप स्वस्त होतात, आणि हाफ-लाइफ २ मध्ये २०२४ पासून एपिसोड वन आणि टू हे गोष्टीचे पुढचे भाग त्यातच मिळतात. (एपिसोड टू ऐन मोक्यावर संपतो आणि पुढची गोष्ट अजून आलेली नाही, मनाची तयारी ठेवा.)

साधा लॅपटॉप असेल, किंवा मोबाइल सोडून पहिल्यांदाच पीसीवर येत असाल, तर डोळे झाकून हाफ-लाइफ २ घ्या. कार्ड चांगलं असेल, रात्री दोन-तीन तास सलग बसता येत असेल आणि हळू चालणारा गेम सोसत असेल तर मेट्रो. दोन्ही जमत असतील तरी आधी हाफ-लाइफच, कारण मेट्रोची पॉलिश बघून आल्यावर २००४ चे ग्राफिक्स डोळ्यांना बोचतील, उलट क्रमाने त्रास नाही. मेट्रो सुरू केल्यावर आवाज रशियन करा आणि सबटायटल लावा, इंग्लिश डबिंग रशियन हेल काढून केलंय आणि ते सारखं टोचतं. चार जण एकदम बोलायला लागले की सबटायटल वाचताना धांदल उडते, तरीही रशियनच. मेट्रोच्या रेंजर हार्डकोर या सगळ्यात अवघड मोडमध्ये स्क्रीनवरचे आकडे जातात आणि हवं तेव्हा सेव्हही करता येत नाही, तो दुसऱ्या वेळेला खेळा.