सोलापूरच्या हवेत स्टाइनवे डी: काही महिने वाजवल्यानंतर

होटगी रोडला एका परिचितांकडे हॅम्बुर्गला बनलेला स्टाइनवे मॉडेल डी, म्हणजे मैफिलीचा मोठा ग्रँड (आडव्या तारांचा) पियानो आहे. मुलगी शिकायला परदेशी गेली, वाद्य नुसतं पडून राहू नये म्हणून त्यांनी मला वाजवायची मोकळीक दिली. उन्हाळ्याच्या तोंडाला सुरुवात केली, आता गणपती जवळ आलेत. माझ्या घरी अपराइट, म्हणजे उभ्या तारांचा लहान पियानो आहे, हात मुळात हार्मोनियमवर तयार झालेला आणि मी मुलांना शिकवते. या बाजूने हा अनुभव वाचावा.

लांबी 274 सेंटीमीटर, वजन सुमारे 480 किलो. खर्जातले स्वर जोरात धरले तर फरशीतून पायाला कळतात. पण मला ओढ लागली ती हळू वाजवण्याची. अपराइटवर अगदी हलक्या हाताने वाजवायला गेलं की एखादा स्वर गिळला जातोच. पट्टी (की) खाली जाते, पण तारेवर आपटणारी हातोडी, म्हणजे हॅमर, तिच्यापर्यंत पोचत नाही. इथे की जेमतेम 10 मिलिमीटर खाली जाते, आणि तेवढ्यात बोटाने काय केलं ते सगळं ऐकू येतं. आवाज अगदी बारीक केला तरी भरीव राहतो, हॉलच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्यालाही पोचतो. विद्यार्थ्यांना मी नुसतं ‘हळू’ म्हणायचे. त्या हळूतही किती पायऱ्या असतात ते इथे बोटांना कळलं.

डाव्या पेडलनेही असाच धक्का दिला. अपराइटमध्ये ते दाबलं की हॅमर तारांच्या जवळ येतात, आवाज थोडा कमी होतो, बस. इथे अख्खा कीबोर्ड जरासा उजवीकडे सरकतो आणि तीन तारांच्या स्वरावर हॅमर दोनच तारांना नीट लागतो. शिवाय हॅमरवरच्या फेल्टचा (जाड लोकरी थराचा) कमी घासलेला, मऊ भाग तारेवर येतो. आवाजाचा रंगच बदलतो.

एकच स्वर भरभर घोळवणंही इथे सहज जमतं. ग्रँडचा हॅमर खालून वर जातो आणि आपल्या वजनानेच परत येतो. त्यात पॅरिसच्या सेबास्तियां एरार यांची 1821 ची डबल एस्केपमेंट, म्हणजे की पूर्ण वर यायच्या आधीच तोच स्वर पुन्हा लावता येतो. यमनच्या द्रुत गतीत निषाद घोळवताना घरी बोटं अडखळतात, इथे नाही.

शास्त्रीय संगीत शिकलेल्यांनी एक गोष्ट जरूर करून बघावी. खर्जातल्या सा ची की आवाज न करता दाबून धरा आणि वरचा सा पटकन वाजवून सोडा. वाजवलेला स्वर थांबतो, पण खालची तार त्याच उंचीवर गात राहते. मग त्या वरचा पंचम वाजवून सोडा, तोही त्याच तारेतून निघतो. अपराइटवरही हे होतं, पण इथे तार लांब, त्यामुळे नाद कितीतरी वेळ टिकतो. गांधाराशी मात्र माझं अजून जमलेलं नाही: तानपुऱ्याच्या तारेतून आपोआप उमटणाऱ्या स्वयंभू गांधारापेक्षा पियानोचा सुमारे 14 सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढा लागतो. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, तर नाहीच. मारव्यासारखा राग मी त्यावर घेत नाही.

आता हवा. साउंडबोर्ड, म्हणजे तारांचा आवाज मोठा करणारी फळी, स्प्रूसच्या लाकडाचा असतो. हवा कोरडी झाली की आकसतो, दमट झाली की फुगतो आणि ट्यूनिंग त्यापाठोपाठ हलतं. वाद्याला साधारण 40 ते 60 टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडे एप्रिल-मे म्हणजे पारा चाळीशीपार आणि हवा पार कोरडी. त्यात एसी लावला की उरलासुरला ओलावाही जातो. दुपारी वीज गेली की खोली तापते, परत आली की गार होते, आणि ही चढउतारच सगळ्यात वाईट. मे मध्ये मधलं सप्तक स्पष्ट उतरलं होतं. खोलीत ह्युमिडिफायर (हवेत ओलावा सोडणारं यंत्र) ठेवला, खिडकीला जाड पडदे लावले, झाकण वाजवतानाच उघडायचं ठरवलं. तेव्हा कुठे पुण्याहून आलेल्या ट्यूनरचं काम टिकलं. जून-जुलैत पाऊस सुरू झाल्यावर उलटं, ह्युमिडिफायर बंद.

नवा मॉडेल डी कोटीच्या पुढे जातो, त्यामुळे घरासाठी घ्या असं मी कुणाला म्हणणार नाही. शहरातल्या एखाद्या सभागृहात मात्र असा पियानो यावा आणि शिकणाऱ्या मुलांना त्यावर बसू द्यावं, असं फार वाटतं. घरी हवाच असेल तर 170-180 सेंटीमीटरचा चांगला ग्रँड बघा. हळू वाजवून पारखा, दुकानात सगळे जोरात वाजवतात. आणि पियानो घरी यायच्या आधी खोलीत आर्द्रतामापक लावून एक उन्हाळा आकडे लिहून ठेवा.