३५ सीसीचा ग्रास कटर आणि ६ बाय ४ फुटांची शेड: कोल्हापुरातल्या एका पावसाळ्यानंतर

जून ते जानेवारी, आठ महिने, त्यात मशीन ६४ तास चाललं. जागा कोल्हापुरातल्या कळंब्याच्या बाजूची, आवार चार गुंठ्यांचं. त्यात दोन गुंठे लॉन, बाकी कंपाऊंडलगतची हरळी आणि मागच्या अंगाला गाजर गवत. मशीन फोर-स्ट्रोक, खांद्याला पट्ट्याने अडकवायचं, सोबत तंगूसचं, म्हणजे नायलॉनच्या दोऱ्याचं, हेड, तीन पात्यांचं ब्लेड आणि ८० दातांचं ब्लेड.

दुकानात जो तो सीसी विचारतो. चार गुंठ्यांना ३५ सीसी भरपूर झाले, ताकद कमी पडली असं एकदाही वाटलं नाही. त्रास झाला तो पेट्रोलचा, ऑइलचा आणि मशीन ठेवायच्या जागेचा. म्हणून इथे जास्त लिहिलंय ते त्यावरच.

आधी ऑइल. या इंजिनात फक्त १०० मिली ऑइल बसतं, ग्रेड १० डब्ल्यू ३०. वीस मिली कमी झालं तरी पाचवा हिस्सा गेला, आणि कमी झाल्याचं सांगणारा दिवा वगैरे या मशीनला नाही. त्यामुळे दर वेळी दोरी ओढण्याआधी मशीन सपाट ठेवून झाकण उघडायचं, ऑइल तोंडाच्या कडेपर्यंत दिसलं पाहिजे. जास्त भरलं तर ते ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून, एअर फिल्टरमध्ये जातं, स्पंज चिंब होतो आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर निघतो. विक्रेत्याने पहिल्या दिवशी अंदाजाने ओतून दिलं होतं आणि नेमकं हेच झालं. औषधाच्या मापाने मोजून भरा. पहिलं ऑइल १० तासांनी बदला, पुढे दर ५० तासांनी किंवा सहा महिन्यांनी, जे आधी येईल ते. इंजिन कोमट असताना मशीन तिरपं करून तोंडातूनच ओतून काढायचं. पहिल्या १० तासांचं ऑइल उन्हात धरलं तर त्यात चंदेरी बारीक कण चमकताना दिसतात. नवीन पिस्टन-सिलिंडर एकमेकांवर घासून बसतात त्याचा तो चुरा, घाबरायचं कारण नाही, पण तो आत ठेवायचाही नाही.

टू-स्ट्रोक घ्यावं का, असं बरेच जण विचारतात. वजनाला ते हलकं असतं आणि ऑइलची पातळी बघायची कटकट नाही. पण दर लिटरला २० ते ४० मिली टू-टी ऑइल मोजून मिसळावं लागतं. आवारात दोघं-तिघं मशीन वापरणार असतील तर कुणीतरी कधीतरी साधं पेट्रोल ओततो आणि पिस्टन जाम होतो. घरच्या वापराला फोर-स्ट्रोकच बरं.

आता पेट्रोल. पंपावर मिळतं ते ई-२०, म्हणजे त्यात २० टक्के इथेनॉल. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, आणि जुलै-ऑगस्टात कोल्हापूरच्या हवेत ओलीला काय तोटा! पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की ते इथेनॉलला सोबत घेऊन तळाशी बसतं. टाकीतला फिल्टर तळालाच असल्यामुळे कार्बोरेटर आधी तेच ओढतो. लक्षणं ठरलेली: चोक लावला की सुरू, चोक काढला की बंद, रेस दिली की घुसमटतं. फिटर लगेच प्लग बदलायला सांगतात. त्याआधी टाकीतलं पेट्रोल पारदर्शक काचेच्या बाटलीत काढून दहा मिनिटं स्थिर ठेवा. खाली बोटाच्या पेराएवढा वेगळा थर दिसला तर प्लगचा काही दोष नाही. टाकी रिकामी करा, फिल्टर बदला, ताजं पेट्रोल भरा, पंपिंगचा फुगा आठ-दहा वेळा दाबा आणि मग दोरी ओढा. थर नसेल तर प्लग बघा, गॅप ०.६ ते ०.७ मिमी हवी.

एका टाकीत साधारण ६३० मिली पेट्रोल मावतं आणि पाऊण ते एक तास चालतं. महिन्याला लागेल तेवढंच आणा. पंधरा दिवस मशीन लागणार नसेल तर टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. तरीही कार्बोरेटरमध्ये थोडं राहतं आणि त्यातला रबरी पडदा कडक होतो. सहाव्या महिन्यात इथलाही बदलावा लागला. पडद्याचा किट मिळतो, काम अर्ध्या तासाचं आहे, फक्त पडदा आणि गॅस्केट कोणत्या क्रमाने निघाले त्याचा आधी फोटो काढून ठेवा.

तंगूस २.४ मिमीचा घेतला. गुंडाळताना हेडवरच्या बाणाच्या दिशेने, घट्ट आणि वेटोळ्याशेजारी वेटोळं बसवायचं. ढिला गुंडाळला की आतल्या आत घासून वितळतो, वेटोळी एकमेकांना चिकटतात, मग हेड जमिनीवर कितीही आपटा, दोरा बाहेर येत नाही. उन्हाळ्यात बरणीत पडून राहिलेला तंगूस ठिसूळ होतो. तो एक रात्र पाण्यात भिजवला की पुन्हा लवचीक होतो. शेजारपाजारची म्हैस असेल आणि कापलेलं गवत वैरणीला जाणार असेल, तर तंगूसने कापूच नका. त्याचे बोटभर तुकडे गवतात मिसळतात आणि म्हशीच्या पोटात जातात. वैरणीसाठी तीन पात्यांचं ब्लेडच लावायचं. तंगूस झाडाच्या बुंध्याला लागला की साल गोल सोलून निघते आणि आंब्याचं, चाफ्याचं कोवळं रोप महिन्याभरात वाळतं. बुंध्याभोवती वीतभर जागा हाताने साफ ठेवा.

ब्लेडच्या नटाला उलटे आटे असतात. सोडवायचा तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवा. हे माहीत नसल्याने जोर लावून नट मोडलेली मशीनं कोल्हापूरच्या उद्यमनगरात दुरुस्तीला येतात. खालच्या गिअर बॉक्सच्या कडेला एक बोल्ट असतो, त्यातून दर २०-२५ तासांनी लिथियम ग्रीस भरायचं. काम झाल्यावर गिअर बॉक्सला हात लावून बघा. हात टिकत नसेल इतका तापला तर ग्रीस संपलंय. कापताना माणसं, जनावरं, गाड्या १५ मीटर लांब. मुरमाच्या जमिनीतला एक खडा गाडीची काच फोडायला पुरतो.

लॉनसाठी मात्र हा कटर दुय्यमच. हात कितीही सरावला तरी वर-खाली लाटा राहतात. दोन गुंठे सपाट लॉन असेल तर त्याला चाकांचा मॉवर हवा, कटर फक्त कडांना. कटरनेच कापायचं असेल तर हरळी दीड-दोन इंचांवर ठेवा आणि एका वेळी उंचीचा एक तृतीयांशच काढा. त्याहून खोल कापलं की पिवळे देठ उघडे पडतात आणि तिथे लव्हाळा शिरतो. लव्हाळा कटरने मरत नाही, त्याच्या गाठी मातीत असतात आणि आठवड्यात पुन्हा वर येतो. खुरप्याने गाठीसकट काढावा लागतो. पावसाळ्यात गुंठ्याला एक किलो युरिया पुरे, पानं कोरडी असताना पसरायचा आणि लगेच पाणी द्यायचं.

आता मशीन ठेवायची शेड. तिथे पहिली चूक दाराच्या दिशेची होऊ शकते. आपल्याकडे पावसाची झड पश्चिमेकडून येते, म्हणून दार पूर्वेला. छताला पूर्वेकडून पश्चिमेकडे चार फुटांत एक फूट उतार, चारही बाजूंनी नऊ इंच पत्रा बाहेर. खाली दोन थर विटांचा चौथरा आणि कोबा, पण कोबा ओतण्याआधी जाड प्लास्टिकचा कागद अंथरायचा, नाहीतर काळ्या मातीतली ओल वर चढत राहते. सांगाडा अँगलचा, पत्रा रंगीत, अर्ध्या मिलिमीटरचा. तयार प्लास्टिकची शेड दोन तासांत उभी राहते हे खरं, पण तिला जड मशीन टांगता येत नाही. पत्र्याच्या स्क्रूखालचा रबरी वॉशर किंचित फुगेल एवढाच आवळायचा. जास्त आवळलेला वॉशर उन्हात तडकतो आणि पुढच्या जूनमध्ये नेमका तिथूनच थेंब पडतो. वेल्डिंगच्या प्रत्येक जोडावर रंगाआधी रेड ऑक्साइड मारून घ्या, गंज तिथूनच सुरू होतो.

बंद शेडमध्ये पहाटे पत्र्याला आतून घाम येतो आणि तो मशीनवर टपकतो. छताखाली समोरासमोरच्या दोन बाजूंना सहा इंच रुंद जाळीची पट्टी सोडली की घाम थांबतो. जाळी पाव इंचाची घ्या, मोठी घेतली तर उंदीर येतात आणि पेट्रोलची नळी कुरतडतात. मशीन जमिनीवर न ठेवता दोन हुकांवर आडवं टांगायचं, पेट्रोलचा कॅन शेडबाहेर सावलीत.

जाळीने उंदीर अडतो, कुंभारमाशी अडत नाही. ऑक्टोबरात तीन आठवडे मशीन टांगलेलं राहिलं. नंतर दोरी ओढली तर नुसतं फुसफुसून बंद. सायलेन्सरच्या तोंडात करंगळीएवढी मातीची नळी लिंपलेली होती, आत तिच्या अळ्यांसाठी ठेवलेले कोळी. तारेने ती काढली आणि इंजिन दुसऱ्या ओढीला सुरू झालं. तेव्हापासून सायलेन्सरच्या तोंडात कापडाचा बोळा असतो, त्याला लाल चिंधी बांधलेली आणि चिंधीचं दुसरं टोक दोरीच्या मुठीला, म्हणजे बोळा काढल्याशिवाय मूठ हातातच येत नाही.