१९६६ ची मस्टँग: पुढचं सस्पेन्शन आणि स्टिअरिंग बदलल्यानंतर सीझनभराचा अनुभव

गाडी १९६६ ची फोर्ड मस्टँग, २८९ घन इंची व्ही-८ इंजिन, मॅन्युअल स्टिअरिंग. मिशिगनमध्ये थंडीत रस्त्यांवर मीठ पडतं, त्यामुळे ती फक्त उन्हाळ्यात बाहेर निघते. काम हिवाळ्यात उरकलं, नंतर अख्खा सीझन चालवली, आणि मगच हे लिहितोय.

वरचे-खालचे कंट्रोल आर्म (चाक गाडीला जोडणारे), बॉल जॉइंट, स्ट्रट रॉडचे (खालच्या आर्मला पुढे-मागे धरून ठेवणाऱ्या दांड्याचे) बुश, टाय रॉड, आयडलर आर्म (स्टिअरिंगच्या जोडदांड्याला दुसऱ्या बाजूने आधार देणारा), स्प्रिंग, शॉकअप असं सगळं बदललं. आधीच्या मालकाने एका स्वस्त किटमधले पार्ट घातले होते. दिसायला चकाचक, पण बॉल जॉइंटचे रबरी बूट फाटून ग्रीस बाहेर आलं होतं आणि हायवेवर गाडी लेनमध्ये ठेवायला हात सारखे चालू ठेवावे लागत. म्हणून या वेळी किट घेतलंच नाही, एकेक पार्ट निवडून घेतला. खर्च बराच वाढला, पण तो वसूल झाला. बॉल जॉइंट आणि टाय रॉड मूग (Moog) या कंपनीचे आहेत. ग्रीस भरायला निपल आहेत, बूट शाबूत आहेत, चाक धरून हलवलं तर प्ले (ढिलेपणा) जाणवत नाही. ऑर्डर देताना इंजिन आणि स्टिअरिंगचा प्रकार नक्की सांगा. सहा सिलिंडरच्या मस्टँगचं चाक चार नटांचं, व्ही-८ चं पाच नटांचं, आणि स्पिंडल (ज्यावर चाक फिरतं तो भाग) व टाय रॉडही वेगळे.

फोर्डच्याच फाल्कन गाडीवरून आलेल्या या रचनेत स्प्रिंग वरच्या आर्मवर बसते. शॉकअप बॉनेट उघडून वरून काढायचा आणि त्याच वाटेने स्प्रिंग दाबायचा कॉम्प्रेसर आत सोडायचा. इथे कॉम्प्रेसर दणकटच हवा. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जायबंदी होतो.

आता बुश. सगळीकडे पॉलियुरेथेन घाला असा सल्ला सर्रास मिळतो. मला तो पटत नाही, निदान स्ट्रट रॉडसाठी तरी मुळीच नाही. खालचा आर्म वरखाली होतो तेव्हा स्ट्रट रॉडलाही पुढच्या टोकापाशी तिरकं व्हावं लागतं. रबर दबतं आणि वाट देतं. कडक पॉलि अडतं, आणि तो ताण रॉडच्या आट्यांवर येतो. तिथून रॉड तुटल्याची उदाहरणं आहेत. मी साधं, चांगल्या प्रतीचं रबर घातलं. इथले वसंतातले खड्डे खाऊनही ब्रेक मारल्यावर गाडी सरळ थांबते.

रबरी बुश बसवण्याची रीत मात्र पाळायलाच हवी. खालच्या आर्मचा आतला बोल्ट गाडी स्टँडवर असताना शेवटचा आवळू नका. चाकं जमिनीवर टेकवा, गाडीचं वजन येऊ द्या, मग आवळा. नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. आयडलर आर्मचंही तसंच: चाकं अगदी सरळ ठेवून नट आवळायचे, नाहीतर स्टिअरिंग सतत एका बाजूला ओढतं. नवा पार्टच खराब आहे असं वाटून लोक तो परत पाठवतात, तेव्हा आधी हे तपासा.

वरचा आर्म बॉडीला जिथे बसतो ती भोकं एक इंच खाली घेतली. हा बदल फोर्डचे इंजिनिअर क्लाउस आर्निंग यांचा, १९६५ च्या शेल्बी जीटी ३५० या मस्टँगच्याच वेगवान आवृत्तीत तो होता. वळणावर बाहेरचं चाक आता आधीइतकं कलत नाही आणि नाकही थोडं खाली बसलंय. पैशांच्या मानाने सगळ्यात मोठा फरक याच कामाने पडला.

त्याखालोखाल अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं. जुन्या मॅन्युअलमधले आकडे बायस-प्लाय या जुन्या प्रकारच्या टायरचे आहेत, आजच्या रेडियलला ते चालत नाहीत. १९६५-६६ च्या गाड्यांत कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा पुढे-मागे कल) आणि कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) वरच्या आर्ममागे शिम, म्हणजे पातळ पट्ट्या, घालून जमवतात. दुकानदार कंटाळा करतात, तिथे आग्रह धरा. माझा कॅस्टर अडीच अंश पॉझिटिव्ह आहे, कॅम्बर किंचित निगेटिव्ह, टो-इन (पुढच्या चाकांची टोकं आत वळलेली असणं) १/८ इंच. ताशी ७० मैलांवर गाडी आपणहून सरळ चालते, वळणानंतर स्टिअरिंग स्वतःच मधे येतं.

तोटा एकच, पार्किंगमध्ये स्टिअरिंग जड झालंय. खांदा दुखत असेल तर कॅस्टर दोन अंशांवर ठेवा. वरच्या आर्मचे आट्यांचे स्टील बुश ग्रीस संपलं की कुरकुरतात. निपलपर्यंत हात पोचणं अवघड आहे, म्हणून बसवण्याआधीच वाकडे निपल लावून घ्या.